शिशाचा सांधा, आट्यांचा सांधा आणि केंद्रपाड्याचे मिस्त्री

प्रश्न थोडक्यात असा आहे. गिरगावातली १९३० च्या आसपासची इमारत, मागच्या घरगल्लीतले बिडाचे जुने पाइप बदलायचेत. पाहणीला आलेला प्लंबर ओडिशाचा. तो म्हणाला, "सांध्यांत शिसं भरलंय, काढून विका, भाव चांगला येईल." त्यावरून विचारणाऱ्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. पाइपात शिसं आलं कुठून आणि त्याचा धोका आहे का? बघावं तो प्लंबर ओडिशाचाच कसा? आणि मराठी माणूस या धंद्यात कधी नव्हताच का?

मी १९८३ पासून हेच काम करतोय. वडील पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते, म्हणजे रस्त्यावरचा व्हॉल्व्ह लांब दांड्याच्या चावीने फिरवून ठरल्या वेळी ठरल्या गल्लीला पाणी सोडणारे. माझ्याकडे पालिकेचं प्लंबरचं लायसन्स आहे. तरी पाइप पान्याला रोज हात माझा लागत नाही, माझ्या मिस्त्रींचा लागतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लायसन्स एकाचं आणि घाम दुसऱ्याचा, ही या धंद्याची फार जुनी रीत आहे.

माझ्या मते प्लंबिंगचा इतिहास पाइपाचा नाही, सांध्याचा आहे. पाइप कारखान्यातून येतो, सांधा जागेवर करावा लागतो. सांधा बदलला की तो करणारा माणूसही बदलला. तुमच्या तिन्ही शंकांचं उत्तर यातच आहे.

पहिली शंका शिशाची. प्लंबर हा शब्दच मुळी शिशाचा. लॅटिनमध्ये शिशाला प्लंबम म्हणतात. रोमन लोक शिशाचा पत्रा गोल वळवून, कडा जोडून नळ करत आणि त्यावर बनवणाऱ्याचं नाव उठवत. सापडलेल्या नळांवर काही बायकांचीही नावं आहेत. व्हिट्रुवियस नावाच्या त्यांच्या वास्तुकाराने तेव्हाच लिहून ठेवलं होतं की पाणी शिशातून नको, खापरी नळांतून न्या, कारण शिशाचं काम करणाऱ्यांचे चेहरे पांढरेफटक पडलेले दिसतात. इसवी सन ९७ मध्ये रोमच्या पाण्याचा कारभार फ्राँटिनसकडे आला. मुख्य नळाला गुपचूप भोक पाडून पाणी पळवणाऱ्यांबद्दल त्याने जी तक्रार लिहिलीय, ती वाचून मला वडिलांचं खातंच आठवलं. पुढे लंडनमध्ये प्लंबर लोकांच्या संघाला १३६५ मध्ये नियमावली मिळाली आणि १६११ मध्ये राजाची सनद. तोवर त्यांचं बरंचसं काम छपराला शिशाचा पत्रा मारण्याचं आणि पन्हळी घालण्याचं होतं. संडासाच्या पाइपाला वळण देऊन त्यात पाणी अडवायची युक्ती, जिला आपण ट्रॅप म्हणतो, तिचं पेटंट १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंगने घेतलं. हा माणूस घड्याळजी. (इंग्रजीत प्लंबरमधला ब मुका आहे. आपण तो ठणकावून म्हणतो आणि मला तेच बरं वाटतं.)

आपल्याकडे नळांत शिसं नव्हतं, पण नळ होते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरला, नहरीने पाणी आणलं. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगड-चुन्याचा बंदिस्त पाट आणला आणि वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले, म्हणजे हवा सुटेल आणि माणूस आत उतरून गाळ काढेल. तिथून पेठांतल्या हौदांत पाणी पडायचं. बंद नळात हवा कोंडली की पाणी अडतं. हे ज्याला कळलं तो प्लंबरच, मग त्याला कोणी पाथरवट म्हणो की गवंडी. तेव्हाच्या खापरी नळाचा सांधा म्हणजे एकाचं तोंड दुसऱ्यात बसवून चुना लिंपणं. ते काम कुंभार, गवंडी, बेलदार यांच्यात वाटलेलं होतं. बारा बलुतेदारांत नळवाला नाही हे ध्यानात ठेवा. कोणाचाच पिढीजात हक्क नसलेला हा धंदा आहे, म्हणून तर तो पुढे इतक्या हातांतून फिरला.

मुंबईत १८६० मध्ये विहारचं पाणी आलं, १८७९ मध्ये तुळशीचं, १८९२ मध्ये तानसाचं. त्याआधी शहर विहिरींवर, तलावांवर आणि पखालीवाल्यांवर चालत होतं. बिडाचे मोठे नळ विलायतेहून बोटीने आले आणि त्यांच्याबरोबर शिशाचा सांधाही आला. १८८८ च्या पालिका कायद्यात लायसन्सवाल्या प्लंबरची तरतूद झाली. त्याच कायद्यात 'हलालखोर कर' नावाचा कर होता, मैला उचलणाऱ्यांच्या नावाने घरमालकांकडून घ्यायचा. तुमची घरगल्ली म्हणजे दोन इमारतींमधली, मैल्याची टोपली नेणाऱ्याने कोणाच्या नजरेस न पडता जावं म्हणून सोडलेली वाट. फ्लशचे संडास आल्यावर टोपली गेली आणि त्या वाटेने बिडाचे पाइप उभे राहिले. म्हणून जुन्या इमारतींचं सगळं प्लंबिंग मागच्या अंगाला असतं.

नळाचं पाणी लोकांनी लगेच आपलं मानलं असं समजू नका. तोटीत चामड्याचा वायसर, म्हणून सोवळ्याला नळाचं पाणी न चालणारी घरं मी स्वतः पाहिलीत. गिरगावातल्या एका आजींनी मला पितळी तोटी दुरुस्त करू दिली, पण देवाचं पाणी वाडीतल्या विहिरीचंच. मी रबराचा वायसर दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "आत कोण बघायला जातंय?" बरोबरच होतं त्यांचं. आमच्या पिशवीत तेव्हा जुन्या चपलेच्या तळव्यातून कापलेले वायसर असायचेच. रबरापेक्षा टिकायचे.

आता तुमच्या इमारतीतला सांधा. तो करताना मी पाहिलाय, केलाय आणि त्याने भाजलोयसुद्धा. बिडाच्या पाइपाचं एक टोक सरळ, दुसऱ्याला मोठं तोंड. सरळ टोक तोंडात बसवलं की सभोवती बोटाच्या पेराएवढीही नाही इतकी फट राहते. त्या फटीत तेलात भिजवलेल्या तागाचा पीळ घालून चपट्या छिनीने ठोकून बसवायचा, म्हणजे शिसं आत गळत नाही. मग लोखंडी डोणीत शिसं वितळवायचं. ३२७ अंशांना ते वितळतं, पण आमच्याकडे अंश मोजायला काय होतं? मिस्त्री वाळकी काडी बुडवायचे. काडी करपली पाहिजे, पेटता कामा नये. वरची राखेसारखी साय पळीने बाजूला सारायची आणि लगेच एका दमात, हात न थांबवता सांध्यात ओतायचं. मध्ये थांबलात तर दुसऱ्या वेळचं शिसं पहिल्याला धरत नाही, सांधा फुकट. उभ्या पाइपाला हे सोपं. आडव्या पाइपाला दोरीला माती लिंपून तिचं कडं तोंडाभोवती आवळायचं आणि वर ओतायला चोच ठेवायची. शिसं थंड होताना आक्रसतं, म्हणून शेवटी चार वेगवेगळ्या जाडीच्या छिन्यांनी ते पुन्हा कडेकडेने ठोकायचं. त्या ठोक्यांचा आवाज आधी बद्द येतो. सांधा भरला की टणक होतो. मिस्त्री आवाजावरून सांगायचे, "बस्स, आता पुढचा."

भाजण्याची गोष्ट १९८६ च्या जुलैची. दादरच्या एका इमारतीत पाऊस नुकताच थांबला होता आणि सांधा पुसला होता मीच, घाईत. तागात ओल राहिली होती. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब सापडला की क्षणात वाफ होते आणि शिसं कारंज्यासारखं उसळतं. माझ्या डाव्या हाताच्या कोपराखाली अजून पाच-सहा डाग आहेत. मिस्त्रींनी चेहरा बाजूला वळवून ओतायची सवय लावली होती, म्हणून डोळे वाचले. मास्क, हातमोजे हे शब्दही कोणी उच्चारत नव्हतं. दिवसभर शिशाच्या धुरात उभं राहून दुपारी त्याच हातांनी भाकरी. व्हिट्रुवियसचे पांढरेफटक चेहरे मी वाचले फार उशिरा, पण पाहिले आधी होते.

शिशाच्या सांध्याला भट्टी लागते, दोन-तीन माणसं लागतात आणि ओतण्याचा सराव लागतो. त्यामुळे त्या कामाची टोळी असायची. पिण्याच्या पाण्याच्या बारीक लायनी मात्र गॅल्व्हनाइज्ड लोखंडाच्या आणि त्यांचा सांधा आट्यांचा, म्हणजे पाइपाच्या तोंडावर पाडलेल्या पेचांचा. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शंकेचं उत्तर या आट्यांत आहे.

पाइप व्हाइसमध्ये धरायचा, तोंडावर डाय (आटे पाडायचं हत्यार) चढवायची, तेल सोडायचं आणि दांडा फिरवायचा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटून पडतो. अर्ध्या आणि पाऊण इंची पाइपाला इंचात १४ आटे, एक इंचापासून पुढे ११. हे माप विलायतेचं. व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांना शिस्त लावली, तिच्यातून आलेलं. साहेब गेला, देशात मीटर-लिटर आलं, पण नळाचा आटा तोच राहिला. म्हणून आज दुकानातून आणलेली तोटी तुमच्या आजोबांच्या पाइपावर बसते. गंमत म्हणजे अर्ध्या इंची पाइपात अर्धा इंच असं काहीच नसतं. बाहेरून तो २१ मिलिमीटरच्या थोडा वर भरतो. आट्यांवर धागा गुंडाळायचा, सफेदा फासायचा, आणि चार बोटं जोर लावून पाना मारायचा. धागा आट्यांच्या दिशेनेच गुंडाळला पाहिजे, उलटा गुंडाळला तर फिटिंग चढताना तो बाहेर येतो. नवख्याची परीक्षा इथेच होते.

मुंबईत आटे पाडण्यात सगळ्यात तरबेज माणसं प्लंबर नव्हतीच, गिरण्यांतले फिटर होते. बॉयलरची वाफ, विणकाम खात्यातला ओलावा टिकवणारा प्लांट, आग विझवायची लाइन, सगळीकडे पाइपच. त्यांतले कितीतरी फिटर कोकणातले आणि घाटावरचे. म्हणजे मराठी माणूस या कामात होता, भरपूर होता. फक्त तो गिरणीत होता किंवा पालिकेत होता. महिन्याला पगार, फंड, दिवाळीला बोनस. इमारतींतलं काम मात्र ठेकेदाराच्या हाताखाली, आज आहे उद्या नाही असं. ज्याला कायमची नोकरी मिळते तो नाक्यावर कशाला उभा राहील? १९८२ च्या संपानंतर असे काही फिटर आमच्याकडे आले. काम सोन्यासारखं. पण पन्नाशीच्या माणसाला चौथ्या मजल्याच्या परांचीवर चढून, बिनओळखीच्या ठेकेदाराला 'शेठ' म्हणत रोजावर राबणं जमलं नाही. एक-दोन राहिले, बाकीचे गावाला गेले. त्यांच्या मुलांनी पाना उचलला नाही.

ती जागा ओडिया लोकांनी हिसकावली नाही, ती रिकामीच होती. ते आले ओडिशातल्या केंद्रपाडा भागातून. पट्टामुंडई, आळी, राजकनिका ही नावं माझ्या हजेरीच्या वहीत इतक्या वेळा आली आहेत की ती मला चिपळूण-गुहागरासारखी वाटतात. महानदी, ब्राह्मणी, वैतरणी यांच्या मुखाकडचा सखल मुलूख. दर काही वर्षांनी पूर, त्यात चक्रीवादळं. १९७१ च्या वादळात त्या किनाऱ्यावर हजारो माणसं गेली, १९९९ मध्ये पुन्हा तेच. शेतीच्या भरवशावर घर चालत नाही म्हणून तिथले तरुण आधीपासून कलकत्त्याला जात. कलकत्त्यात १८७० च्या सुमारास पलत्याहून गाळलेलं पाणी यायला लागलं होतं आणि साहेबांच्या कंपन्यांना नळाच्या कामाला माणसं हवी होती. माझे जुने मिस्त्री त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं सांगत, की सुरुवातीला मिस्त्री बहुतेक मुसलमान असत, ओडिया पोरं हेल्पर. फाळणीच्या वेळी बरेच मिस्त्री सीमेपलीकडे गेले आणि हेल्परच्या हातात पाना आला. मग एकाने भावाला आणलं, भावाने मेहुण्याला, मेहुण्याने गावाला. कलकत्त्याहून दिल्ली, मुंबई, सुरत आणि पुढे आखात. आता पट्टामुंडईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे.

त्यांची शिकवायची पद्धत मी जवळून पाहिलीय. नवं पोरगं आलं की त्याला आधी पाना देत नाहीत. सहा महिने फिटिंगची गोणी वाहायची आणि 'भाइना' (मोठा भाऊ) मागेल ते न चुकता काढून द्यायचं. पाऊण बाय अर्धा रेड्युसर मागितला आणि बुश दिला तर शिवी. मग आटे, मग जोडणी, आणि शेवटी नकाशा बघून लाइन कुठून न्यायची हे. एका खोलीत दहा-बारा जण, एकाने स्वयंपाक करायचा, नव्याला काम लागेपर्यंत त्याच्या जेवणाचे पैसे कोणी मागायचे नाहीत. आपल्याकडे गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या अशाच चालायच्या. आमची त्या जाळ्याची वीण सुटली आणि त्यांची टिकली, एवढाच फरक. माझ्या दुकानात डायच्या सेटची पूजा वर्षातून दोनदा होते. १७ सप्टेंबरला विश्वकर्मापूजेला ते करतात, दसऱ्याला मी करतो. जूनमध्ये रज सणाला निम्मी माणसं गावी जातात, त्या पंधरवड्यात मी मोठं काम अंगावर घेत नाही.

एक भाग मात्र कोणी मोठ्याने बोलत नाही. पाण्याचा नळ जोडणारा आणि गटारात उतरणारा, ही दोन माणसं आपल्याकडे कायम वेगळी राहिली. विलायतेत दोन्ही कामं एकाच धंद्याची. इथे चोकअप काढायला बांबूच्या पट्ट्या घेऊन येणारा वेगळा, त्याची जात ठरलेली आणि पैसे कमी. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाण्याच्या त्या टोकाची गोष्ट आपण सांगतो, सांडपाण्याच्या टोकाची सांगत नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायद्याने बंदी आली. तरी एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला सरळ विचारलं होतं, "टाकीत उतरायला तुमच्याकडची 'ती' माणसं आहेत का?" मी मशीनच्या गाडीचा नंबर दिला. त्यांना तो महाग वाटला. (आणि तरी देशभर सांडपाण्याच्या फरशीवरच्या जाळीखाली बसवतात त्या भांड्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आमची नहाणी गेली, शब्द साऱ्या देशाच्या दरपत्रकांत बसलाय.)

आता सांधा तिसऱ्यांदा बदललाय. सीपीव्हीसीचं, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपाचं, भारतीय मानक २००७ मध्ये आलं आणि पंधरा वर्षांत घरांतल्या नव्या लायनींतून लोखंड जवळजवळ गेलं. पाइप कापा, कड घासा, सोल्युशन (पाइप चिकटवायचा गम) लावा, पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरा. झालं. भट्टी नको, डाय नको, जोर नको. गंज नाही, हलका, काम झटपट, मी स्वतः तेच बसवतो. पण हा सांधा चूक झाल्याचं तेव्हाच्या तेव्हा सांगत नाही. आट्यांचा सांधा पाणी सोडल्यासोडल्या ठिबकतो. सोल्युशनचा सांधा अर्धवट धरून गप्प राहतो आणि टाइल लागून, गिझर चालू होऊन सहा महिने झाले की शेजारच्या बेडरूमच्या भिंतीला ओल येते. आणि शिकायला सोपा असल्याने आता कोणीही येतो. लातूर-नांदेडकडची मराठी मुलंही येताहेत, आयटीआय करून किंवा नुसतं बघून. दुसरीकडे माझ्या सगळ्यात जुन्या मिस्त्रीचा मुलगा भुवनेश्वरला इंजिनिअरिंग करतोय. म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी कोणी तरी विचारेल, प्लंबर म्हटला की मराठवाड्याचाच का असतो?

आता तुमच्या पाइपांचं. घरगल्लीतले बिडाचे पाइप संडास-मोरीचे असतात, त्यांच्या सांध्यातलं शिसं तुमच्या पिण्याच्या पाण्याला लागत नाही. तेवढ्यासाठी घाबरून काही करू नका. पाइप तडकले असतील, गळत असतील तरच बदला. पिण्याच्या बाजूला एक गोष्ट जरूर तपासून घ्या. पालिकेच्या नळाला जिथे फेरूल (जोडणी घ्यायचा छोटा तुकडा) मारून तुमची जोडणी घेतलीय, तिथून मीटरपर्यंतच्या तुकड्यात जुन्या शिशाच्या नळीचा वाकडा भाग राहिलेला असू शकतो. नखाने खरवडला की चंदेरी चमकतो आणि चुंबक चिकटत नाही. सापडला तर तो लायसन्सवाल्याकडून पालिकेच्या परवानगीने बदलून घ्या, आणि तोवर सकाळचं पहिलं पाणी प्यायला भरू नका. भंगाराबद्दल म्हणाल तर सांधे अख्खे, पाइपाच्या तोंडासकट कापून घ्या आणि वजनावर द्या. शिसं वेगळं काढतो म्हणून कोणी चौकात चूल मांडली तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. वाडीत मुलं खेळतात, आणि तागात ओल आहे की नाही हे नव्वद वर्षांनी कोणालाच सांगता येणार नाही.